वुडवॉल्टनची दलदल आणि शेजारची खचती जमीन

निसर्गासाठी जमीन विकत घ्यायची, कुंपण घालायचे, की संवर्धन झाले, असा समज सर्रास आढळतो. तो किती अपुरा आहे, हे इंग्लंडमधल्या वुडवॉल्टन फेन (फेन म्हणजे दलदल) या जागेच्या इतिहासावरून कळते. चार्ल्स रॉथशिल्ड या बँकरने ही दलदल १९१० साली विकत घेतली. रॉथशिल्ड पिसवांचे गाढे अभ्यासक होते. मुंबईत ज्या उंदीर-पिसवेने प्लेग पसरवला, तिचे शास्त्रीय वर्णन १९०३ साली त्यांनीच केले. जमीन सुरक्षित हातात आली, तरी दलदल कोरडी पडतच राहिली, कारण आजूबाजूची शेतजमीन खाली खाली जात होती.

किती खाली, ते जवळच्या होम फेनमध्ये मोजता येते. १८५१ साली तिथले व्हिटलसी मिअर हे मोठे तळे वाफेच्या पंपाने उपसले गेले. त्याच सुमारास एक लोखंडी खांब माथा जमिनीला टेकेल इतका खोल गाडला, बूड खालच्या घट्ट चिकणमातीत. आज तो जमिनीवर सुमारे चार मीटर उभा आहे. खांब जागचा हललेला नाही, भोवतालची जमीन खचली आहे.

ही जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या लव्हाळ्यांची. लोणच्यावरचा तेलाचा थर हवा अडवतो, तसे इथे पाणी अडवते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट संथपणे पसरतो. खरी गंमत पुढे आहे. वनस्पतींतली फिनॉलिक संयुगे मोडणाऱ्या फिनॉल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन लागतो. तो नसला की ही संयुगे साठत जातात आणि सेल्युलोजसारखे पदार्थ मोडणाऱ्या, ऑक्सिजनची गरज नसलेल्या विकरांनाही जखडून ठेवतात. एका विकराच्या उपासमारीने कुजण्याची सारी साखळी थांबते. चर खणून पाणी काढले, की पीट आधी दबते, मग ऑक्सिजन शिरतो, कुलूप उघडते आणि हजारो वर्षे साठलेला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. ओले पीट वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते.

म्हणूनच २००१ साली सुरू झालेल्या ‘ग्रेट फेन’ प्रकल्पाने वुडवॉल्टन आणि होम यांच्या मधली शेते घ्यायला सुरुवात केली. लॉटरीतून उभ्या राहिलेल्या वारसा निधीचा त्यात मोठा वाटा आहे. उद्दिष्ट सुमारे ३,७०० हेक्टरचे. सलग जमीन हाती असेल तरच चर बुजवून पाण्याची पातळी वर आणता येते. एकट्या तुकड्यात पाणी भरले, तर ते शेजारच्या खचलेल्या शेताकडे पाझरते.

होम फेनमध्ये आज बर्चचे देखणे जंगल आहे. पाहणारा खूश होतो, पण ते उगवले पीट वाळल्यामुळे. झाडांच्या संख्येवरून निसर्गाची प्रकृती ठरवण्याची आपल्याकडचीही सवय सोडायला हवी. गवताळ माळांवर खड्डे खणून रोपे लावणे हा त्यातलाच प्रकार.

पाणी भरल्यावर मिथेन हा हवा तापवणारा वायू निघतो, हा आक्षेप खरा आहे. पण मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके. पाणी पृष्ठभागाच्या किंचित खाली राखले, तर वरच्या थरातले जिवाणू बराचसा मिथेन वाटेतच फस्त करतात. ग्रेट फेनमध्ये अशा ओल्या जमिनीवर पाणकणीससारखी पिके घेऊन पाहिली जात आहेत. त्यासाठी पंप लावून शेत कोरडे करावे लागत नाही.