एनटी 4.0 चं डोमेन आणि नव्या सर्व्हरचा ट्रस्ट : तिढा कुठून आला

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत एखादी पतसंस्था, एखादं जिनिंग एकाच सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालतं. तिथे 1996 सालचं एनटी 4.0, म्हणजे मायक्रोसॉफ्टची जुनी विंडोज सर्व्हर प्रणाली, उशिरा आलं आणि गेलंही उशिराच. एकत्र कारभार असलेली खाती आणि मशीन म्हणजे डोमेन, आणि एका डोमेनने दुसऱ्याच्या खात्यांवर विश्वास ठेवणं म्हणजे ट्रस्ट. एनटीचे ट्रस्ट एकतर्फी असत. दोन्हीकडून हवा तर दोनदा करावा लागे, आणि एकाशी ट्रस्ट म्हणून तिसऱ्याशी आपोआप होत नसे. 2000 मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीने, म्हणजे विंडोजच्या नव्या डोमेन-व्यवस्थेने, हे चित्र बदललं, पण फक्त फॉरेस्टच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या डोमेनांच्या गटाच्या, आत. जुन्या डोमेनशी नातं तेच राहिलं, एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीवरचं.

शाखेत मशीनची नावं शोधून देणारा विन्स सर्व्हर नसला की नावं-पत्त्यांची एलएमहोस्ट्स फाइल हाताने लिहावी लागे : डोमेनचं नाव, 15 अक्षरं भरेपर्यंत रिकाम्या जागा, मग 1बी हा कोड. एक जागा कमी-जास्त झाली की डोमेन सापडतच नसे. त्यात भारनियमन. लाइन गेली, मदरबोर्डची बॅटरी उतरलेली, घड्याळ मागे. 5 मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीची लॉगिन पद्धत, लॉगिन नाकारी. एनटीएलएम वेळेबाबत इतकं काटेकोर नव्हतं, म्हणून जुन्या डोमेनवरचं काम चालू राही. ‘जुनंच बरं’ हे मत तिथून पक्कं झालं, आणि ते निराधार नव्हतं.

खरा वाद पेटला विंडोज सर्व्हर 2008 वर. एनटी 4.0 सर्व्हरचा सपोर्ट 2004 च्या 31 डिसेंबरला संपला होता. 2008 च्या डोमेन कंट्रोलरने, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरने, एनटी काळातलं कच्चं एन्क्रिप्शन मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवलं. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे अनेक मशीनना एकत्र लागू होणाऱ्या सेटिंगांतून, ते परत चालू करता येई, आणि अनेकांनी केलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर जुन्या डोमेनवर अडकलेलं, ते लिहून देणारा गाव सोडून गेलेला. मार्च अखेरीला व्यवहार थांबवा असं संस्थेला कोण सांगणार? चालू करणाऱ्यांची अडचण खरी होती. पण त्या पॉलिसीचा परिणाम एका ट्रस्टपुरता नव्हता. कंट्रोलर मग जो कोणी मागेल त्याच्याशी कच्च्या पद्धतीने बोलायला तयार होई. एका जुन्या मशीनसाठी सगळ्या शाखांचं कुलूप सैल केलं गेलं. दोन महिन्यांसाठी, स्थलांतर होईपर्यंत, हे मान्य करता आलं असतं. तारीख न ठरवता ते तसंच सोडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

पुढच्या 2008 आर2 मध्ये एनटी 4.0 शी ट्रस्टच होईना. ज्यांनी सर्व्हर 2003 च्या काळात, ट्रस्ट जिवंत असताना, खाती सिड हिस्ट्रीसकट, म्हणजे जुन्या ओळख-क्रमांकासकट, हलवली होती, त्यांच्या फोल्डरांचे अधिकार शाबूत राहिले. बाकीच्यांना नवी खाती काढून प्रत्येक फोल्डरचा हक्क हाताने लावावा लागला.