वाग्यूची चरबी इतकी मऊ का?

जपानच्या वाग्यू गुरांचा विषय निघाला की हटकून तेच ऐकायला मिळतं: त्यांना बिअर पाजतात, रोज मालिश करतात, म्हणून ते मांस तोंडात विरघळतं. एखाद्या गोठ्यात कुणी असं करतही असेल, पण मालिशने स्नायूंत चरबीचं जाळं तयार होत नाही. त्यामागे अनेक पिढ्यांची निवड आणि महिनोन्‌महिने दिलेला धान्याचा खुराक असतो. आणि ती चरबी मऊ होते त्याचं मोठं श्रेय एका विकराला (एन्झाइमला) आहे. ते विकर मला फार विलक्षण वाटतं.

गवतातली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, बहुतांशी असंपृक्त, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असलेली. पण गाईच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू त्यांना हायड्रोजन जोडतात, दुहेरी बंध नाहीसे होतात आणि आतड्यात पोचतं ते मुख्यतः स्टिअरिक आम्ल: १८ कार्बनची सरळ साखळी. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते, तशा या साखळ्या दाटीने बसतात. म्हणून स्टिअरिक आम्ल वितळायला सुमारे ६९ अंश सेल्सिअस लागतात.

आता एससीडी (स्टिअरॉइल-कोए डिसॅच्युरेज) हे विकर कामाला लागतं. पेशीतल्या पटलात रुतून बसलेलं हे विकर साखळीतल्या नवव्या आणि दहाव्या कार्बनवरचा एकेक हायड्रोजन नेमका काढून घेतं. त्यासाठी ऑक्सिजनचा रेणू लागतो, लोहाचे दोन अणू लागतात, आणि सायटोक्रोम बी-५ या प्रथिनामार्फत येणारे इलेक्ट्रॉन लागतात. उरलेले दोन हायड्रोजन दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला राहतात, त्यामुळे साखळी तिथे वाकते. हे झालं ओलेइक आम्ल. कार्बन तेवढेच, फक्त दोन हायड्रोजन कमी, आणि वितळणबिंदू थेट १५ अंशांच्या आसपास! जिवाणूंनी पोटात जे केलं, ते गाय आपल्या मेदपेशींत काही अंशी उलटवते.

या विकराचं जनुक गाईच्या २६व्या गुणसूत्रावर आहे. त्यात एका ठिकाणी काही गुरांत डीएनएचं सी हे अक्षर असतं, काहींत टी. सी असेल तर विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत २९३व्या जागी अॅलनिन बसतं, टी असेल तर व्हॅलिन. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की काळ्या वाग्यू गुरांत अॅलनिनवाल्यांच्या चरबीत ओलेइकसारखी एकेरी असंपृक्त (एकच दुहेरी बंध असलेली) मेदाम्लं जास्त असतात आणि ती कमी तापमानाला वितळते. तोत्तोरी प्रांतात तर ५५ टक्के किंवा अधिक ओलेइक आम्ल असलेलं, केताका या नामवंत वळूच्या वंशातलं वाग्यू 'ओलेइन ५५' या नावाने विकलं जातं. हेच विकर कासेतही असतं, त्यामुळे आपल्या तुपातल्या ओलेइक आम्लाचा मोठा भागही त्याचीच करणी.

मात्र चरबी मऊ असणं वेगळं आणि ती स्नायूंत किती साठते हे वेगळं. साठ्यावर शेकडो जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. थायरोग्लोब्युलिन जनुकाजवळच्या एका मार्करची, म्हणजे डीएनएवरच्या खुणेची, चाचणी ऑस्ट्रेलियातून मोठ्या दिमाखात बाजारात आली, पण पुढच्या बऱ्याच अभ्यासांत तिचा चरबीशी संबंध आढळला नाही. याला कारण आहे. मार्कर हे बहुधा कारणीभूत जनुक नसतंच, ते गुणसूत्रावरचं त्याचं शेजारी असतं. एका जातीत दोघं बरोबर वारशाने येतात, तर दुसऱ्या जातीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अदलाबदलीत ही जोडी फुटलेली असते. एका जनुकाच्या चाचणीवर वळू विकत घेणं हे पत्रिका पाहून घेण्यापेक्षा फारसं शहाणपणाचं नाही.

म्हणून २००१ नंतर संशोधक हजारो मार्कर एकत्र मोजू लागले. त्यांची बेरीज करून वासराची गुणवत्ता ते लहान असतानाच अंदाजता येते, त्याच्या संततीची वाट पाहावी लागत नाही. पण ती बेरीज ज्या जातीवर बसवली, तिथेच नीट लागू पडते. होल्स्टीन या परदेशी जातीचं गणित गीरला लावून चालत नाही, आणि याच गरजेतून हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये गीर, कांकरेज, साहिवाल, ओंगोल अशा देशी जातींसाठी 'इंडिगौ' ही असे मार्कर एकत्र तपासणारी स्वतंत्र जनुकीय चिप तयार केली.