जमात (बेने इस्राएल) : बेळगाव सीमाभाग

जमात : मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंची उपासनेसाठी, सणावारासाठी आणि सुखदुःखासाठी एकत्र येणारी मंडळी. सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, इमारत असली तर उत्तमच, पण जमात उभी राहते ती माणसांच्या मोजणीवर. तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमले की ‘मिनियान’ होते आणि मगच तोरा या धर्मग्रंथाचे सार्वजनिक वाचन किंवा मृतासाठी म्हणायचा ‘कद्दिश’ यांसारख्या प्रार्थना करता येतात. मुंबई-पुण्यात दहाची ही संख्या सहज भरत असे. बेळगाव, खानापूर, निपाणी, लोंढा या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या विखुरलेल्या घरांपुढे मात्र खरा प्रश्न हाच असे, की आज दहा जण जमतील का? सीमाभागातून पाहिले की जमातीचा मूळ अर्थ जास्त स्पष्ट दिसतो, म्हणून ही नोंद त्या बाजूने लिहिली आहे.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले आणि त्यातून सात जोडपी वाचली. पुढे कोकणातल्या गावागावांत ती पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर, नवगावकर. नावांनाही मराठी वळण आले. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बेनाजी. हिब्रूचा विसर पडला तरी सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना या समाजाने सोडली नाही. दाविद राहाबी नावाच्या शिक्षकाने यावरूनच त्यांना ज्यू म्हणून ओळखले, असे परंपरा सांगते.

घाटावर हा समाज आला तो मुख्यतः पलटणींबरोबर. मुंबई फौजेत बेने इस्राएल शिपाई अठराव्या शतकापासून होते आणि त्यांतले पुष्कळ जण सुभेदार, सुभेदार मेजर या हुद्द्यांपर्यंत चढले. आजच्या कर्नाटकाशी या समाजाचे सर्वांत जुने नातेही रणांगणातले आहे. सामाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. आपण ‘बेने इस्राएल’ आहोत, असे त्यांनी सांगितले तेव्हा सुलतानाच्या आईने कुराणातला त्या नावाचा उल्लेख ओळखून त्यांचा जीव वाचवला, अशी कथा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात ‘शआर हारहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. जुने लोक सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले, असे मानले जाते.

बेळगाव १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले आणि पुढे तिथे मोठी लष्करी छावणी उभी राहिली. छावणीच्या गावी पलटण बदलली की माणसे बदलत. आज असलेला हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, दोन वर्षांनी दुसऱ्या गावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फौजेची भरती जातवार कंपन्यांच्या पद्धतीने होऊ लागली. स्वतंत्र कंपनी भरेल एवढी बेने इस्राएलांची संख्या नव्हती, त्यामुळे शिपाईगिरीचा पिढीजात रस्ता अरुंद झाला. समाज रेल्वे, टपाल, इस्पितळे, बांधकाम खाते आणि शाळांकडे वळला. बदलीच्या नोकऱ्या मात्र सुटल्या नाहीत. माझ्या मते या समाजाचा स्वभाव घडवण्यात सणावारांइतकाच वाटा बदलीच्या हुकमाचा आहे. चंबूगबाळे आवरायचे, नव्या गावी स्टेशनजवळ घर घ्यायचे, उंबऱ्याच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली डबी, लावायची आणि गावात ‘आपले’ कोणी आहेत का याची चौकशी करायची, असा तो क्रम.

भरवस्तीच्या जमातीत कामाची वाटणी ठरलेली असे. ‘मुकादम’ हा प्रमुख, ‘चौगुला’ त्याचा साहाय्यक, ‘गब्बाई’ खजिनदार, ‘शमाश’ सिनेगॉगची देखभाल करणारा आणि ‘हजान’ प्रार्थनेचा धुरीण. मुकादम आणि चौगुला हे शब्द सरळ मराठी गावगाड्यातून उचललेले आहेत. भांडणतंटा, सोयरीक, विधवेची किंवा अनाथाची व्यवस्था हेही जमातीपुढे येई. चार-पाच घरांच्या गावी एवढे मानकरी कुठून आणणार? तिथे एकच वडीलधारा माणूस हजान, मुकादम आणि गब्बाई असे सगळे असतो.

अशा ठिकाणी धर्म घरात राहतो. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवा लागतो. द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर ‘किद्दुश’चा आशीर्वाद म्हटला जातो. सणांची नावे पुरती मराठी आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, बिरड्याचा रोजा. दारफळणी म्हणजे योम किप्पूर. त्या दिवशी दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा आणि बाहेरच्या कुणाशी व्यवहार करायचा नाही. बिरड्याच्या रोजाला जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक असतो आणि उपास सुटतो तो मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावर.

सर्वांत जिव्हाळ्याचा विधी मलिद्याचा. तो एलियाहू हन्नावी, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात. लग्न, बारसे, नवे घर, नवी नोकरी, आजारातून उठणे, परीक्षेत पास होणे, नवस फेडणे, कोणतेही निमित्त पुरते. पोहे धुऊन निथळून घ्यायचे, त्यांत गूळ किंवा साखर, खवलेला ओला नारळ, वेलची, जायफळ आणि सुका मेवा मिसळायचा. परातीत त्याचा ढीग रचून भोवती खजूर, केळी आणि इतर फळे मांडायची, वर गुलाबाची फुले. वास घेण्याच्या आशीर्वादासाठी सब्ज्याची पाने ठेवायची. मग झाडाच्या फळाचा आशीर्वाद, जमिनीतून उगवणाऱ्याचा आशीर्वाद, सुगंधाचा आशीर्वाद असे एकेक म्हणत परात हातोहात फिरते. यातला एकही जिन्नस मुंबईहून मागवावा लागत नाही. सगळे सामान बेळगावच्या खडेबाजारात मिळते. मलिदा घाट चढून इतक्या दूरपर्यंत टिकला, त्याचे एक कारण मला हे साधे वाटते.

स्वयंपाकाचे नियम सीमाभागात कसे चालतात तेही पाहण्याजोगे आहे. मांस आणि दूध एकत्र खायचे नाही, हा ज्यू आहारशास्त्राचा मूळ नियम. म्हणून मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध आणि नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा. बेळगावची ओळख असलेला कुंदा आटवलेल्या दुधाचा, तेव्हा मटणाच्या जेवणावर तो नियमात बसत नाही, वेगळ्या वेळी खावा लागतो. मासळीत खवले आणि पर दोन्ही हवेत. गोवा-कारवारकडून येणाऱ्या टोपलीतला बांगडा आणि पापलेट चालतो. कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या वर्ज्य. मांसासाठी विधिपूर्वक कापणारा माणूस लागतो, आणि तो गावात नसेल तेव्हा कोशर, म्हणजे हे आहारनियम, पाळणाऱ्या घराला मासळी, अंडी आणि भाजीवर भागवावे लागते.

विखुरलेल्या घरांना एकत्र धरून ठेवण्याचे काम छापील मराठीने केले. जॉन विल्सन या मिशनऱ्याचे मराठीतले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले आणि समाजाला आपल्या धर्मभाषेचे दार पुन्हा उघडले. जोसेफ एझकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांचे मराठी अनुवाद करण्यात आयुष्य घातले. पेसाखच्या (वल्हांडणाच्या) रात्री वाचायची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्या चित्रात भारतीय वेशातल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. इजिप्तमधून सुटकेची कथा सांगणारे पुस्तक, आणि चित्रात आपल्या माजघरातल्या बायका! हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने मराठी पदांत रचून साकी-दिंडीच्या चालींवर गाण्याची प्रथाही १८८० च्या सुमारास रुजली. सिनेगॉग दूर असले तरी हजानाविना हग्गादा वाचता येई आणि दहा माणसे नसली तरी कीर्तन ऐकता येई. बेळगावसारख्या गावी याचे मोल फार होते.

जमात आपल्या माणसांचे यश आपलेच मानते. परीक्षेत पास झालेल्या पोराचाही मलिदा होतो, मग मोठ्या कर्तृत्वाचे काय सांगावे. बेळगावकरांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे एक नाव बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर यांचे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. त्यानंतर १ मे रोजी बेळगावात आणि महिनाअखेरीस अहमदनगरला केलेल्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा चांगल्या वर्तणुकीचा जातमुचलका मागितला. टिळकांच्या बाजूने मुहम्मद अली जिना उभे राहिले आणि त्यांच्यासोबत एरुलकर होते. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. बेळगावच्या भाषणाचा बचाव करणाऱ्यांत एक बेने इस्राएल वकील होता, ही गोष्ट होमरूलच्या इतिहासात बहुधा ओझरती येते. तिला याहून मोठी जागा मिळायला हवी.

कर्नाटकाच्याच मातीतले दुसरे नाव डॉ. जेरुशा झिराड यांचे. त्यांचा जन्म १८९० मध्ये शिवमोग्ग्याला झाला. शिक्षणासाठी त्या पुण्याच्या हुजूरपागेत आल्या आणि पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनमध्ये शिकल्या आणि १९१९ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातली एम. डी. मिळवून परतल्या. १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे होती. बाळंतपणात बायका दगावतात त्या कशाने, याची मोजदाद झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. समाजासाठी त्यांनी १९१३ मध्ये स्त्री मंडळ काढले आणि १९२५ मध्ये उदारमतवादी उपासनापद्धतीची ज्यू संघटना उभी केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदरी एवढे काम असताना जमातीच्या बायकांना लिहितेबोलते करण्यासाठी त्यांनी वेळ काढला, हे मला त्यांच्या पदव्यांहून मोठे वाटते.

रिबेका रूबेन यांनी १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला क्रमांक पटकावला. पुढे १९२२ पासून जवळजवळ तीन दशके त्या मुंबईच्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. ती शाळा हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये सुरू केली होती आणि पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पलटणीची परंपरा बेंजामिन अब्राहाम सॅमसन यांनी नौदलात नेली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते, १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय आरमारी ताफा त्यांच्या हाताखाली होता आणि नंतर माझगाव गोदीही त्यांनी सांभाळली. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. इंग्रजी कवी निसीम एझकेल आणि डेव्हिड या एका नावाने घराघरांत ओळखले गेलेले अभिनेते डेव्हिड अब्राहाम चेऊलकर हेही याच समाजाचे.

१९४८ नंतर चित्र पालटले. इस्राएल राष्ट्र झाले आणि कुटुंबे तिकडे निघाली. छोट्या गावांतली जमात आधी मोडली, कारण दहातले तीन गेले की उरलेल्या सातांना मिनियान होत नाही. तिकडेही सुरुवात सुखाची नव्हती. तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत शंका काढल्या, समाजाने धरणे धरले आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. आज दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेवा या गावांत मराठी ऐकू येते आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिकडे निघाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा इथल्या मराठी बोलणाऱ्या प्रत्येक घराप्रमाणे या समाजाचीही भाषा एकीकडे आणि राज्य दुसरीकडे झाले. बेळगावहून सर्वांत जवळचे सिनेगॉग पुण्यात, सुमारे ३४० किलोमीटरवर. रास्ता पेठेतले ‘सुक्कथ शेलोमो’ १९२१ चे आणि बेने इस्राएलांचे. कॅम्पातले ‘लाल देऊळ’ १८६७ चे, डेव्हिड ससून यांनी बांधलेले, बगदादी ज्यूंचे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण तो महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. कर्नाटकाच्या हद्दीत शिरले की तो लागू होत नाही, आणि मलिद्याच्या परातीवरचे आशीर्वाद मात्र दोन्ही बाजूंना त्याच शब्दांत म्हटले जातात.