खोबरेल तेलाने कंडोम फाटत नाही? उलट, तेलानेच फाटतो

कोरडेपणामुळे कंडोम फाटतो, हे खरं. पण म्हणून खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा बॉडी लोशन लावायचा सल्ला घातक आहे. निरोधसह बाजारातले बहुतेक कंडोम लेटेक्सचे (नैसर्गिक रबराचे) असतात आणि तेल लेटेक्सला कमकुवत करतं. बेबी ऑइलसारख्या खनिज तेलाने तर मिनिटभरात. वरून काहीच दिसत नाही, हीच खरी गोम. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित ल्युब्रिकंट (वंगण) घ्या. थेंबभर कंडोमच्या टोकाच्या आत, बाकी बाहेरून. आत जास्त झालं तर कंडोम निसटतो. दोन कंडोम एकावर एक नकोतच. फाटलाच, तर एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात; त्या २८ दिवस चालतात. सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरचे उपचार मिळतात तिथे) लगेच विचारा.