गरिबी कमी होणं आणि विषमता कमी होणं: एका गावाचा हिशेब

कुडाच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं आली, चुलीशेजारी गॅस आला, पोरांच्या हाती मोटारसायकली आल्या. हे पाहून पारावर सहज म्हटलं जातं, "आता गरीब-श्रीमंत असं काही राहिलं नाही." यातली गरिबी ओसरल्याची गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. पण त्यावरून गरीब-श्रीमंतातलं अंतर घटलं असं ठरत नाही, आणि ही गल्लत मजुराच्या घराला महागात पडते.

गरिबी मोजताना एकेका घराकडे पाहतात. पोट भरतं का, दवाखाना परवडतो का, पोरगी शाळेत टिकते का? शेजाऱ्याकडे किती आहे, याचा तिथे संबंध नाही. एक रेषा आखायची आणि तिच्याखाली किती माणसं आहेत ते मोजायचं. विषमतेला अशी रेषाच नसते, तिथे मोजायचं ते घराघरांतलं अंतर. त्यासाठी जिनी गुणांक वापरतात. तो शून्य असेल तर सगळ्यांचं उत्पन्न सारखं, एक असेल तर सगळं एकाच घरात.

यवतमाळकडचं एखादं कापसाचं गाव धरा. आकडे समजण्यापुरते घेऊ. एका भूमिहीन घरात नवरा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, बायको निंदण-वेचणीला जाते. वर्षाला एक लाख येतात. दुसरा कास्तकार तीस एकर ओलिताचा, वर खत-बियाण्याचं दुकान. त्याचे सहा लाख. पाच-सात वर्षं बरी गेली, महागाई वजा जाता मजुराचे दीड लाख झाले आणि कास्तकाराचे बारा. मजुराचं घर रेषेच्या वर आलं, म्हणजे गरिबी घटली. अंतर मात्र सहापटीवरून आठपटीवर गेलं. आता २०१७ सारखं गुलाबी बोंडअळीचं वर्ष आठवा. बोंडं सडली, कास्तकार सुरुवातीच्या सहावरून दोन लाखांवर आला. वेचायला कापूसच नाही म्हणून मजूर एक लाखावरून पंच्याहत्तर हजारांवर घसरला. अंतर सहापटीवरून सुमारे पावणेतीनपटीवर आलं, म्हणजे कागदावर विषमता घटली! पण त्या वर्षी गावात कोणाचं भलं झालं?

देशांचंही असंच होतं. चीनमध्ये चार दशकांत सुमारे ८० कोटी माणसं अतिगरिबीतून बाहेर आली. माणसाच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट, पण त्याच काळात तिथली विषमता बरीच वाढली. ब्राझीलमध्ये २००० नंतरच्या दशकात दोन्ही एकदम उतरल्या. तिथे गरीब कुटुंबांना थेट पैसे मिळाले आणि किमान वेतनही वाढत गेलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची ध्येयं ठरवताना गरिबीला पहिला क्रमांक दिला आणि विषमतेला वेगळा, दहावा.

आपल्याकडे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी दोन्ही मोजून दाखवल्या. नीळकंठ रथांसोबत १९७१ मध्ये त्यांनी दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दिवसाला २,२५० उष्मांक पोटात जातील इतका खर्च ही कसोटी धरली. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात ती माणशी महिना १५ रुपये निघाली. पुढे १९८३ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोल मोजणारी समिती नेमली गेली, आणि राज्याच्या एकूण अनुशेषात, म्हणजे विकासाच्या राहून गेलेल्या बाकीत, विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. तेव्हापासून अनुशेष हा विदर्भाच्या राजकारणाचा शब्द झाला. पण विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या विषमतेवर आपण जितकं तावातावाने बोलतो, तितकं गावातल्या ओलित आणि कोरडवाहूमधल्या विषमतेवर बोलत नाही. मला हे खटकतं.

योजनांकडेही असंच दोन बाजूंनी पाहावं लागतं. अंत्योदय कार्डावरचं ३५ किलो धान्य उपासमार थांबवतं, ते हवंच. जमीन-पाणी कोणाकडे, हे त्याने बदलत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतात. तीन एकरवाल्याला त्यातून बियाण्याला हातभार लागतो, पण भूमिहीन बाईला काहीच मिळत नाही, आणि मक्त्याने म्हणजे भाड्याने शेती कसणाऱ्यालाही नाही. म्हणजे एकाच योजनेने एका घराची गरिबी हलकी होते आणि त्याच्यातलं नि शेजारच्या भूमिहीनातलं अंतर वाढतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची वाट वेगळी आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ पासून ग्रामसभा बांबू विकू लागली. मिळकतीचं साधनच सगळ्यांचं असल्याने उत्पन्न वाढताना एकट्यादुकट्याचं घर फुगत नाही.

कापसाच्या गावात असं सामाईक जंगल नाही, तिथे प्रश्न मजुरीवर येऊन ठेपतो. वेचणीचा दर किलोमागे दोन रुपयांनी वाढवा म्हणणं सोपं आहे. पण तो दर तीन एकर कोरडवाहूवालाही देतो, आणि त्याची बायको स्वतःचं वावर आटोपून दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाते. त्याच्या खिशातून मजुराला देणं म्हणजे एका गरिबाकडून दुसऱ्या गरिबाकडे. म्हणून मला रोजगार हमीचं मोल फार वाटतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच ती उभी केली. मजुरी सरकारच्या तिजोरीतून येते, आणि वावरातल्या रोजीसारखी बाईला कमी, पुरुषाला जास्त अशी नसते. उन्हाळ्यात पांदण रस्त्याचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी पंधरा दिवसांत खात्यात पडली, तर पेरणीच्या तोंडावर भूमिहीन बाईला कोणाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घ्यावी लागत नाही. उचल नसली की वेचणीच्या दराची घासाघीस तिला करता येते.