नियंत्रित औषधविमोचन

औषध शरीरात एकदम न सोडता ठरावीक वेगाने आणि शक्य तर ठरावीक जागी सोडण्याचे तंत्र. गोळ्यांच्या पट्टीवरील ‘एसआर’ (सस्टेन्ड रिलीज), ‘सीआर’ (कंट्रोल्ड रिलीज) ही अक्षरे याच तंत्राची. ठाण्यातला औषधविक्रेता अशी गोळी ‘तोडून घेऊ नका’ म्हणून बजावतो, कारण बहुतेक गोळ्यांत तोडल्यावर दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. प्रस्तुत नोंद अब्जांश (नॅनो) वाहक, म्हणजे औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, व सच्छिद्र रोपणे, म्हणजे शरीरात बसवायचे छिद्रयुक्त पदार्थ, यांपुरती आहे.

तंत्राचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक १९५२ च्या सुमारास बाजारात आलेल्या ‘स्पॅन्स्यूल’ या कॅप्सूलपासून सुरुवात करतात, तीत औषधाच्या कण्यांवर कमीअधिक जाडीचे लेप असत. रोपणांचे अभ्यासक फोकमन व लाँग यांच्या १९६४ मधील सिलिकोन रबराच्या प्रयोगांकडे बोट दाखवतात. साधारण त्याच काळात इंग्लंडमध्ये बँगहॅम यांना पाण्यात मेदद्रव्याचे कांद्यासारखे पापुद्रे आपोआप जुळलेले दिसले. त्यांना ‘लिपोसोम’ हे नाव १९६८ मध्ये मिळाले. तथापि विमोचनाचा वेग गणितात बसवला तो हिगुची यांनी, १९६१ मध्ये. त्यांच्या समीकरणानुसार बाहेर पडलेले औषध काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते, म्हणजे दुप्पट औषध बाहेर यायला चौपट वेळ लागतो. शास्त्र म्हणून आरंभ येथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सच्छिद्र पदार्थांत २ ते ५० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे विशेष उपयोगी ठरतात. १९९२ मध्ये जाहीर झालेल्या एमसीएम-४१ या सच्छिद्र सिलिकेत आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक भरून ते हळूहळू सोडवल्याचे २००१ मध्ये दाखवले गेले. पृष्ठभागावरचे औषध पहिल्या काही तासांत भसकन सुटते, हा या पद्धतीचा जुना दोष. हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालतात तेव्हा उलटीच अडचण येते: बरेचसे औषध आतच अडकून राहते.

वाहक कर्करोगाच्या गाठीत आपोआप साचतात, हे मात्सुमुरा व माएदा यांचे १९८६ चे प्रतिपादन दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. २०१६ च्या एका आढाव्यात मात्र प्राण्यांतील गाठींपर्यंत पोचलेल्या मात्रेचा मध्यक जेमतेम ०.७ टक्के भरला. वाहकाचा खरा लाभ उरलेले शरीर वाचवण्यात आहे, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य ठरते. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग केंद्रात केमो घेणाऱ्याला डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाची मोठी भीती हृदयाला होणाऱ्या इजेची असते. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या लिपोसोमल (औषध मेदाच्या पापुद्र्यांत भरलेल्या) रूपात ती बरीच घटते, तळहात-तळपायांची कातडी मात्र सोलवटते.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) पसरला तेव्हा लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशक औषधाचे अवघड नाव ठाणे-नवी मुंबईतल्या घराघरांत पोचले. साध्या ॲम्फोटेरिसिनपेक्षा ते मूत्रपिंडाला पुष्कळच सोसवते, म्हणून त्यासाठी नातेवाईक दुकानोदुकान वणवण करत होते. कुपीतली पिवळी भुकटी इंजेक्शनच्या शुद्ध पाण्यात हलवून मग डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. सलाईन चालत नाही. त्यात औषधाचा साका (गाळ) बसण्याचा धोका असतो.

भारतात अब्जांश औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.