पॅलेस थिएटर, खासबाग आणि 2024 ची आग

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव यांची जयंती होती. तिच्या तयारीत असलेले रंगकर्मी सकाळी राखेसमोर उभे राहून रडले. हे दुःख एका इमारतीपुरते का नव्हते, ते समजायला शाहू महाराजांच्या काळात जावे लागते.

1902 मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने महाराज युरोपला गेले. तिथली भव्य क्रीडागारे आणि नाट्यगृहे त्यांनी पाहिली. परतल्यावर त्यांनी आधी खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले आणि त्याला अगदी लागून 1915 मध्ये पॅलेस थिएटर पूर्ण केले. कुस्तीची तालीम आणि नाटकाची तालीम, दोन्हींना राजाश्रय एकाच आवारात! पैलवानाला आणि नटाला शेजारी बसवणारा दुसरा संस्थानिक मला तरी माहीत नाही. दगडी भिंती, लाकूडकाम आणि प्रेक्षागृहात नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही, अशी ती बांधणी. मागच्या रांगेतल्या माणसालाही नाटक पुरते दिसावे, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

1957 मध्ये या वास्तूला केशवरावांचे नाव मिळाले. 1890 साली कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांनी ऐन अठराव्या वर्षी, 1908 मध्ये, हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या नाटक मंडळ्यांनी मिळून मुंबईत केलेल्या संयुक्त ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्वांची नायिका भामिनी होती आणि केशवरावांचा नायक धैर्यधर. त्यानंतर तीनच महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

आगीत छप्पर, रंगमंच, खुर्च्या सारे गेले. लागून असलेल्या खासबागेच्या व्यासपीठालाही झळ बसली. भिंती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पाहणी करून पुनर्बांधणीसाठी 20 कोटी रुपये जाहीर केले. कोल्हापूरकरांची मागणी मात्र पहिल्या दिवसापासून एकच राहिली: नाट्यगृह जसे होते तसेच उभे करा. ती रास्तच आहे. वातानुकूलन, नवी प्रकाशयोजना, अग्निशमनाची पक्की व्यवस्था हे सगळे हवेच. पण दगडी दर्शनी भाग, खांबाविना मोकळे प्रेक्षागृह आणि खासबागेशी असलेली सलगता यांना धक्का लागला, तर शाहूंच्या नाट्यगृहाच्या जागी केवळ एक नवे सभागृह उरेल.